कचेरी नक्की कुठं असते? जिंजी ते कापूरहोळ

(या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)



आजचा विषय इतिहासाच्या पॉडकास्टवर जरा उपरा वाटेल. ‘व्हर्च्युअल ऑफिस’. म्हणजे ज्या ऑफिसात तुमचं टेबल नाही, खुर्ची नाही, शिपाई नाही, पण जे तुमच्या बिलावर, वेबसाइटवर आणि जीएसटीच्या प्रमाणपत्रावर मात्र आहे. वर्षाचे पैसे भरायचे आणि शहरातला एक चांगला पत्ता वापरायचा. तुमचं टपाल तिथली माणसं घेतात, स्कॅन करून तुम्हाला पाठवतात. फोन आला तर तुमच्या कंपनीचं नाव घेऊन बोलतात. कुणाला भेटायचं असेल तर तासाच्या भाड्यानं खोली मिळते. काम तुम्ही कुठंही बसून करा.

आता तुम्ही विचाराल, यात इतिहास कुठं आला? आला आहे. आणि तो आपल्याच भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत आला आहे.

आधी जागा सांगतो, बाहेरच्या श्रोत्यांसाठी. पुणे-सातारा रस्त्यावर पुण्याहून चाळीसेक किलोमीटरवर आमचं कापूरहोळ. इथनं उजवीकडे भोरचा रस्ता फुटतो आणि डावीकडे नारायणपूर-सासवडचा. इतिहास वाचणाऱ्यांना हे गाव धाराऊमुळे माहीत असतं. १६५७ मध्ये पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला, आणि त्यांना दूध पाजणारी धाराऊ गाडे पाटील ती याच गावची. बाकीच्यांना गाव माहीत असतं ते चहासाठी गाडी थांबवतात म्हणून.

पण या चौकाच्या आसपास आता बराच धंदा होतो. कुणी इंद्रायणी तांदूळ ऑनलाइन विकतो, कुणी फॅब्रिकेशन करतो, कुणी घरात बसून पुण्या-मुंबईच्या दुकानांचे हिशेब लिहितो, कुणी वेबसाइट बनवतो. यातल्या काहींची बिलं मी पाहिली आहेत. बिलावर कापूरहोळ नाही. बिलावर बाणेर आहे, शिवाजीनगर आहे, विमाननगर आहे. काम इथं, पत्ता तिथं. हे वाईट आहे असं मी लगेच म्हणत नाही. पण यातनं एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. कचेरी म्हणजे नक्की काय?

माझ्या मते कचेरी म्हणजे तीन गोष्टी. एक, बसायची जागा. दोन, सापडायचा पत्ता, म्हणजे कागद, नोटीस, गिऱ्हाईक जिथं येऊन पोचतं ते ठिकाण. आणि तीन, उत्तर देणारा माणूस. एरवी या तिन्ही गोष्टी एकाच भिंतीआड असतात, म्हणून त्या वेगळ्या आहेत हे आपल्या लक्षात येत नाही. व्हर्च्युअल ऑफिस त्या वेगळ्या करून दाखवतं. आणि आपल्याकडे त्या सव्वातीनशे वर्षांपूर्वीसुद्धा एकदा वेगळ्या झाल्या होत्या.

एक शब्द बघा. ‘दफ्तर’. शाळेत जाणाऱ्या पोराच्या पाठीवर असतं तेही दफ्तर, आणि सरकारचं असतं तेही दफ्तर. शब्द फारसीतून आला, आणि त्याच्याही मागं गेलं तर ग्रीक भाषेतल्या ‘कातडं’ या अर्थाच्या शब्दापाशी पोचतो, कारण लिहायचं ते कातड्यावर. म्हणजे दफ्तर ही मुळात इमारत नव्हे. दफ्तर म्हणजे लिहिलेले कागद. ते कापडात बांधले की झाला रुमाल, रुमाल घोड्यावर किंवा बैलावर टाकले की कचेरी चालू लागली. मोहिमेवर निघालेल्या सरदाराबरोबर त्याचा फड निघायचा, कारकून, हिशेब, शाई-लेखणी सगळं घेऊन. पुण्यात पेशवे दफ्तराची दगडी इमारत आहे ना, ती १८९१ ची, इंग्रजांनी बांधलेली. आतले रुमाल तिच्यापेक्षा कितीतरी जुने आहेत.

आता रायगडावर जाऊ. १६७४ चा राज्याभिषेक. अष्टप्रधानांत एक सचिव, आधीचं नाव सुरनीस. त्या वेळी हे पद अण्णाजी दत्तो यांच्याकडे होतं. सचिवाचं काम काय? जाणारी राजपत्रं तपासायची, मजकुरात कमी-जास्त झालं असेल तर शुद्ध करायचं, महालांचे-परगण्यांचे हिशेब बघायचे आणि कागदावर आपली खूण करायची. कागद चिटणीस लिहिणार, पण त्यावर ठरलेल्या खुणा, शिक्के, मोर्तब झाल्याशिवाय तो खरा नाही. राज्य मोठं, गावं लांब, आणि गावच्या पाटलानं राजाला कधी पाहिलेलंही नसायचं. त्याच्या दृष्टीनं सरकार म्हणजे हातात आलेला कागद आणि त्यावरची मुद्रा. तेव्हा कागद खरा की खोटा हे ठरवणारी यंत्रणा हाच राज्याचा कणा.

आणि मग १६८९ उजाडलं.

फेब्रुवारीत संभाजीराजे पकडले गेले, मार्चमध्ये त्यांची हत्या झाली. राजारामांना मंचकावर बसवलं. रायगडाला वेढा पडला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात गड मोगलांकडे गेला. बसायची जागा गेली. तोपर्यंत राजाराम पन्हाळ्यावरून दक्षिणेला निघाले होते आणि वर्षाच्या अखेरीपर्यंत तमिळ मुलखातल्या जिंजीला पोचले. कोल्हापूरहून जिंजी आजच्या रस्त्यानंसुद्धा आठशे किलोमीटरांहून जास्त आहे. मध्ये मोगलांच्या छावण्या, नद्या, शत्रूचे पहारे.

आता राज्य चालवायचं कसं? राजा एकीकडे, मुलूख दुसरीकडे.

त्यांनी जे केलं ते बघा. राजा आणि दरबार जिंजीला. तिथं प्रल्हाद निराजी प्रतिनिधी. इकडे महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्य, ‘हुकूमतपन्हा’ असा किताब देऊन. त्यांचा मुक्काम मुख्यतः विशाळगड-पन्हाळ्याच्या बाजूला. आणि आपल्या राजगड-तोरण्याच्या मुलखात शंकराजी नारायण. हेच पुढे पंतसचिव झाले आणि भोर संस्थानाचे मूळ पुरुष ठरले. शंकराजींनी या भागातले गेलेले किल्ले परत घेण्यात पुढाकार घेतला, देशमुखांना सांभाळलं, मोगलांकडे गेलेल्यांना परत आणलं. जिंजीहून तर थेट आपल्या भोर तालुक्यात पत्र आल्याचं माहीत आहे. कारी गावच्या जेधे देशमुखांना, बाजी सर्जेरावांना, राजारामांनी १६९० मध्ये पत्र पाठवून चाकरीला बोलावलं. विचार करा. जिंजीच्या किल्ल्यात लिहिलेला कागद, जासुदाच्या कमरेला बांधलेला, रोहिडखोऱ्यात कारीला पोचतो, आणि इथला देशमुख तो कागद प्रमाण मानून बाजू बदलायचा विचार करतो. कचेरीची जागा गेली होती, पण पत्ता आणि शिक्का जिवंत होता.

हे चाललं कशामुळे? दळणवळण वेगवान होतं म्हणून नक्कीच नाही. पत्राला दिवसच्या दिवस लागायचे, काही पोचायचीच नाहीत. चाललं, कारण अधिकार दिला होता. ‘हुकूमतपन्हा’चा अर्थच असा, की अमात्यांनी घेतलेला निर्णय हा राजानं घेतलेला निर्णय. दर बारीक गोष्टीला जिंजीला विचारायचं नाही. संताजी, धनाजी मैदानात, अमात्य आणि सचिव मुलखात, राजा जिंजीत. आठेक वर्षं हे राज्य राजधानीशिवाय चाललं. १६९७ च्या अखेरीस राजाराम जिंजीतून निसटले, पुढच्या वर्षी जिंजी पडली, पण तोवर औरंगजेबाचा हिशेब चुकला होता. त्यानं गड घेतले, राजधानी घेतली, आणि राज्य काही त्याच्या हाती आलं नाही. कारण राज्य त्या इमारतीत नव्हतंच.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, वा, म्हणजे आपण व्हर्च्युअल ऑफिस तेव्हाच शोधलं! थांबा. या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा भाग पुरा होत नाही.

त्या काळात माणसं बाजूला ठेवण्यासाठी वतनं, इनामं द्यावी लागली. मावळ्याला पगार द्यायला खजिना नाही, मग कागद द्यायचा. आता कागद देणारी ठिकाणं किती? जिंजीला राजा. इकडे अमात्य. शिवाय मोगलही आपल्या बाजूनं सनदा वाटत होते. एकाच गावच्या पाटीलकीचा, एकाच देशमुखीचा कागद दोघांकडे. एक जिंजीला जाऊन घेऊन आलेला, दुसऱ्याला इथं मिळालेला. दोन्हींवर शिक्के. मग खरा कुठला? वतनांची भांडणं काही ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या चालली. पुढं कोल्हापूरकर संभाजीराजांच्या काळात रामचंद्रपंतांनी जे आज्ञापत्र लिहिलं, त्यात वतनदारांविषयी आणि जमिनी इनाम देण्याविषयी जो सावधपणा दिसतो, तो या अनुभवातनं आलेला आहे असं मला वाटतं.

हे वाद तुटायचे कसे? इथं खरी गंमत आहे. गोतसभा बसायची. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावचे जाणते. ते सांगायचे, जमीन कोण कसतोय, मान कोण घेतोय, याच्या बापाच्या वेळी काय होतं. त्याचा महजर व्हायचा. म्हणजे लांबच्या कचेरीचे दोन कागद एकमेकांशी भांडायला लागले, की निकाल द्यायला शेवटी गावची पांढरीच लागायची. ही गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याला पुन्हा लागणार आहे.

आता जरा उडी मारतो, इंग्रजी अंमलात. धंद्याच्या जगात ‘कंपनी’ नावाचं एक नवीन माणूस जन्माला आलं, ज्याला शरीर नाही. भारतात कंपन्यांच्या नोंदणीचा पहिला कायदा १८५० चा. ज्याला शरीर नाही त्याला नोटीस कुठं द्यायची? त्यावर कायद्यानं तोड काढली, नोंदणीकृत कार्यालय. आजचा कंपनी कायदा २०१३ चा, त्याचं कलम १२ वाचून बघा. नोंदणी झाल्यापासून ३० दिवसांत कंपनीला असं कार्यालय हवं, जिथं तिला पाठवलेले कागद आणि नोटिसा स्वीकारता येतील आणि पोच देता येईल. बाहेर नावाची पाटी हवी, आणि ती त्या भागात चालणाऱ्या भाषेच्या लिपीतसुद्धा हवी. म्हणजे आपल्याकडे मराठीत. पण या कलमात कुठंही असं म्हटलेलं नाही, की सगळं काम तिथंच झालं पाहिजे. कायद्याला बसायच्या जागेशी देणंघेणं नाही. त्याला हवा तो सापडायचा पत्ता आणि कागद घेणारा माणूस.

म्हणून काम एकीकडे आणि नोंदणी दुसरीकडे, हे आपल्याकडे नवीन नाही. इन्फोसिस घ्या. १९८१ साली पुण्यात सुरू झाली, सुधा मूर्तींनी दिलेल्या दहा हजार रुपयांवर. काम सुरू झालं ते पुण्यात नारायण मूर्तींच्या घराच्या पुढच्या खोलीत. आणि नोंदणीचा पत्ता होता मुंबईत माटुंग्याला, संस्थापकांपैकी राघवन यांच्या घरचा. एवढ्या मोठ्या कंपनीचं पहिलं ऑफिस म्हणजे एक बैठकीची खोली आणि दुसऱ्या शहरातला एक पत्ता. पण फरक काय होता? दोन्ही दारांवर टकटक केली असती, तर दार उघडणारा माणूस कंपनीचा मालक होता.

साधारण त्याच काळात जगभर कचेरीच्या भिंती हलायला लागल्या होत्या. १९७३ मध्ये अमेरिकेत जॅक निल्स या अभियंत्यानं ‘टेलिकम्युटिंग’ हा शब्द रूढ केला. त्याचं म्हणणं साधं होतं, माणसाला कामाकडे नेण्यापेक्षा काम माणसाकडे न्या. १९८९ मध्ये मार्क डिक्सन यांनी ब्रुसेल्समध्ये ‘रीगस’ सुरू केली, तयार ऑफिस भाड्यानं देणारी कंपनी. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या बोल्डर गावी राल्फ ग्रेगरी यांनी ‘द व्हर्च्युअल ऑफिस’ याच नावाची कंपनी काढली. पत्ता, टपाल, फोन उचलणं, एवढंच विकायचं.

त्याच सुमारास एक फसलेला प्रयोगही झाला. शियाट-डे नावाच्या नामांकित जाहिरात कंपनीनं लॉस एंजेलिसच्या ऑफिसातली सगळी टेबलं काढून टाकली. सकाळी यायचं, खिडकीवरून लॅपटॉप आणि फोन घ्यायचा, जागा मिळेल तिथं बसायचं. लोक वैतागले. काहींनी गाडीच्या डिकीत फायली ठेवायला सुरुवात केली. काही वर्षांत प्रयोग गुंडाळला. मला यात जिंजीच्या अगदी उलटं दिसतं. जिंजीला जागा गेली, पण अधिकार माणसांच्या हाती दिला. इथं माणसांची जागा काढून घेतली आणि रोज त्याच इमारतीत खुर्ची शोधायला लावलं.

आपल्याकडे काय झालं? १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं बंगळूरला केंद्र काढलं आणि उपग्रहाच्या जोडणीनं तिथलं काम अमेरिकेला जायला लागलं. सरकारनं सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क काढले, त्यातल्या अगदी सुरुवातीच्या तिनांत आपलं पुणं होतं. १५ ऑगस्ट १९९५ ला सामान्य माणसासाठी इंटरनेट आलं. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानं डिजिटल सहीला मान्यता दिली. मोर्तब आता संगणकावर व्हायला लागलं. २००६ पासून कंपन्यांचे कागद ऑनलाइन दाखल होऊ लागले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, आणि व्हर्च्युअल ऑफिसच्या धंद्याला खरं खतपाणी मिळालं. कारण ज्या ज्या राज्यातनं माल पाठवायचा, त्या त्या राज्यात वेगळी नोंदणी, आणि नोंदणीला पत्ता. आता पुण्यातल्या छोट्या विक्रेत्यानं कर्नाटकात, तेलंगणात ऑफिस कुठून आणायचं? मग तिथला पत्ता विकत घ्यायचा.

मग २५ मार्च २०२०. देशभर टाळेबंदी. ज्या कंपन्या ‘घरून काम होणारच नाही’ म्हणत होत्या त्यांनी आठवड्याभरात ते करून दाखवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात दूरसंचार खात्यानं बीपीओ कंपन्यांचे नियम सैल केले आणि घरून कामातला एक मोठा अडथळा निघाला. हिंजवडीत नोकरी करणारी पोरं-पोरी भोरला, नसरापूरला, कापूरहोळला घरी येऊन बसली. वेल्ह्याच्या आतल्या खोऱ्यांत रेंजसाठी टेकाडावर चढावं लागायचं ते वेगळं. पण एक गोष्ट सगळ्यांना कळली, की बसायची जागा कुठंही असू शकते.

यातनं धंदा कसा बदलला? फायदे आधी सांगतो, कारण ते खरे आहेत. शहरात ऑफिस घ्यायचं म्हणजे अनामत, भाडं, फर्निचर, वीजबिल. नवीन धंदा त्यातच बुडायचा. आता तो खर्च जवळजवळ गेला. घरात लहान मूल असलेली बाई, म्हाताऱ्या आईबापांना सोडून जाता न येणारा मुलगा, यांना धंद्याचं दार उघडलं. आणि एक कडू सत्यही आहे. बिलावर खेड्याचा पत्ता बघून मोठं गिऱ्हाईक भाव पाडतं, नाहीतर उत्तरच देत नाही. शहरातला पत्ता लावला की तोच माणूस, तोच माल, पण समोरचा ‘सर’ म्हणून बोलतो. ज्यांनी असा पत्ता घेतला त्यांना मी दोष देणार नाही.

आता दुसरी बाजू. मागं मी रेकॉर्डिंगसाठी एक यंत्र ऑनलाइन घेतलं. दोन महिन्यांत बंद पडलं. वॉरंटी होती. मेल केले, उत्तर नाही. शेवटी बिलावरचा पत्ता काढला आणि एसटीनं पुण्याला गेलो. चकाचक इमारत, काचेचं दार, आत एका भिंतीवर छोट्या छोट्या पाट्या, चाळीसेक तरी असतील. त्यात माझ्या दुकानदाराचीही पाटी होती. रिसेप्शनवरची मुलगी फार नम्रपणे म्हणाली, “काका, ते इथं बसत नाहीत. तुम्ही त्यांना मेल करा.” म्हटलं, मग ते बसतात कुठं? म्हणाली, “ते आम्हाला सांगता येत नाही.” त्या मुलीची काही चूक नव्हती. तिचं काम टपाल घेण्याचं. पत्ता सापडला होता, फक्त उत्तर देणारा माणूस सापडला नव्हता.

माझं गेलं ते एक यंत्र. पण हीच फट सरकारच्या तिजोरीलाही पडली. १६ मे ते १५ जुलै २०२३ या दोन महिन्यांत केंद्र आणि राज्यांच्या कर खात्यांनी खोट्या जीएसटी नोंदणींविरुद्ध देशभर मोहीम काढली. २१,७९१ नोंदण्या अशा निघाल्या, की जागेवर कुणीच नाही. संशयित करचुकवेगिरीचा आकडा २४,०१० कोटी रुपये. हे सगळे व्हर्च्युअल ऑफिसवाले होते असं अजिबात नाही. कितीतरी ठिकाणी गरीब माणसाचे कागद, दुसऱ्याच्याच घराचं वीजबिल वापरलेलं असतं. पण रोग तोच. पत्ता आहे, शिक्का आहे, आणि मागं माणूस नाही. आणि शिक्षा कुणाला? खरा धंदा करणाऱ्यालासुद्धा आता नोंदणीला जास्त चौकशी, जास्त हेलपाटे.

आता गंमत ऐका. कंपनी कायद्यात २०१९ मध्ये एक पोटकलम घातलं, की कंपनी खरंच काम करते का याची शंका आली तर निबंधक प्रत्यक्ष जागेवर जाऊन कार्यालय तपासू शकतो. आणि २०२२ मध्ये त्याची पद्धत ठरली. ही तपासणी करायची ती त्या परिसरातल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर, जागेचा फोटो काढून.

त्या परिसरातले साक्षीदार! ओळखलंत ना? हीच ती आपली पांढरी. हाच महजर. डिजिटल सही आली, पोर्टल आलं, सगळं आलं, आणि कागदावर विश्वास बसेना तेव्हा कायदा पुन्हा शेजाऱ्याला विचारायला निघाला, “काय हो, इथं कुणी बसतं का?”

तर मला जे म्हणायचंय ते एवढंच. कचेरी वाऱ्यावर चालते, हे आपल्या पूर्वजांनी जिंजीच्या काळात दाखवून दिलं. बसायची जागा नसली तरी चालतं. पत्ता लांब असला तरी चालतं. पण उत्तर देणारा माणूस लागतो, आणि तो खरा आहे हे सांगणारं गाव लागतं. शंकराजी नारायण नुसते कागद काढत नव्हते, ते या डोंगरांत हजर होते. म्हणून त्यांचा कागद इथं चालला.

त्यांचं पुढं काय झालं तेही सांगतो. १७०७ मध्ये शंकराजी वारले. भोरपलीकडे आंबवड्याला त्यांची समाधी आहे, नागेश्वराला गेलात तर बघून या. शाहू महाराजांनी सचिवपद त्यांच्या लहान मुलाकडे, नारो शंकर यांच्याकडे ठेवलं. पुढं राजधानी साताऱ्याला, कारभार पुण्याला गेला, पण सचिवांची कचेरी भोरला स्थिरावली. ज्या पदाचं काम राजाच्या शेजारी बसून कागद तपासायचं, त्या पदाचं गाव झालं भोर. ८ मार्च १९४८ ला विलीनीकरण होईपर्यंत इथं संस्थानाचा कारभार चालला. वाडा, शाळा, बाजारपेठ, भोरला जे गावपण आहे त्यातलं बरंचसं यातनं आलं. म्हणजे कचेरी एखाद्या जागी खरोखर टेकली, की तिच्याभोवती गाव वाढतं. पत्त्याला ही ताकद असते.

म्हणून ‘काम इथं, पत्ता तिथं’ याचं मला थोडं दुखतं. आपल्याला याची जुनी सवय आहे. भाटघरचं धरण १९२८ मध्ये पुरं झालं. गावं आपली बुडाली, पाणी आपल्या डोंगरांतलं, आणि नीरेच्या कालव्यांनी ऊस पिकला तो खाली बारामतीकडे. त्यात बारामतीच्या शेतकऱ्याचा दोष नाही. पण आता जे होतंय त्यात तर कुणी धरणही बांधत नाहीये. आपणच आपलं नाव पुसून दुसऱ्याचं लावतोय. कापूरहोळात दहा जणांनी दहा चांगले धंदे उभे केले आणि दहाही जणांच्या बिलावर बाणेर असलं, तर बाहेरच्याला वाटणार, बाणेर फार कर्तबगार आहे. बँकेला, सरकारला, चांगली इंटरनेटची लाइन टाकणाऱ्या कंपनीला कागदावर आपण दिसणारच नाही. आणि आपल्या शाळेतल्या पोरांना वाटत राहणार, की धंदा करायचा तर पुण्याला जावं लागतं.

बरं, कायदा तसं म्हणत नाही. जीएसटीला घरचा पत्ता चालतो. वीजबिल, घरपट्टीची पावती, जागा दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं संमतीपत्र, एवढ्यावर मुख्य जागा म्हणून कापूरहोळ लिहिता येतं. नोंदणी क्रमांकाची पाटी दाराला लावावी लागते, ती लावा. शहरातला पत्ता लागतच असेल तर जादा जागा म्हणून घ्या, टपालापुरता, मीटिंगपुरता. आणि घेताना सेवा देणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. करारनामा माझ्या नावावर आहे का? नोटीस आली तर किती तासांत मला कळवणार? आणि अधिकारी किंवा गिऱ्हाईक दारात उभं राहिलं, तर तुमचा माणूस काय सांगणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘इथं बसत नाहीत’ असं असेल, तर तो पत्ता घेऊ नका.

आणि बिलावर कुठलाही पत्ता असो, त्याखाली एक नाव आणि उचलला जाणारा एक फोन नंबर असू द्या.

आजच्या भागात इतकंच. तुमच्यापैकी जे गावात बसून धंदा करतात त्यांनी जरूर कळवा, बिलावर कुठला पत्ता लावलाय आणि का. पुढच्या भागात आंबवड्याला जाऊ, नागेश्वराच्या देवळात. तोवर नमस्कार.